वादकांनाच ऐकू न आलेली मैफल : नागपुरातील एका मेटल कार्यक्रमाचा प्रकरण अभ्यास

डिसेंबरातील एका शनिवारी पश्चिम नागपुरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात पुण्याच्या एका मेटल, म्हणजे जड गिटार आणि वेगवान ड्रम असलेले रॉक संगीत वाजवणाऱ्या, बँडचा कार्यक्रम झाला आणि तो सपशेल पडला. पाचही वादक कसलेले होते. त्यांची ध्वनिमुद्रित गाणी नागपुरातील कितीतरी तरुणांना तोंडपाठ होती आणि वर्धा, अमरावती, चंद्रपूर येथून मुले केवळ त्या एका तासासाठी आली होती. तरीही साडेनऊच्या सुमारास मैदान निम्मे रिकामे झाले, बँडचे सर्वांत लोकप्रिय गाणे वाजलेच नाही, आणि शेवटी गायक एक शब्दही न बोलता निघून गेला. नागपुरात या संगीताचे जाहीर कार्यक्रम फार थोडे होतात. परदेशी मेटल बँडपैकी आयर्न मेडनने २००७ साली आणि मेटॅलिकाने २०११ साली बंगळूरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर कार्यक्रम केले, तेव्हा विदर्भातल्या चाहत्यांना हजार किलोमीटरहून लांबचा प्रवास करावा लागला होता. अशा शहरात एक कार्यक्रम पडला की पुढच्या वर्षी त्यासाठी पैसे मागण्याची सोय उरत नाही, म्हणून या प्रकरणाची नीट नोंद करणे मला आवश्यक वाटले.

मी त्या संध्याकाळी श्रोत्यांमध्ये होतो. नंतर बँडचा ड्रमवादक आणि गायक, ध्वनिव्यवस्था सांभाळणारे गृहस्थ, सांस्कृतिक समितीतील विद्यार्थी आणि मैदानाच्या निरनिराळ्या भागांत उभे असलेले श्रोते यांच्याशी बोलून घटनाक्रम जुळवला. नावे सर्वांचीच वगळली आहेत. या प्रकरणात कोणीही हेतुपुरस्सर वाईट वागलेले नाही, आणि कोणा एकाच्या माथी दोष मारून ते समजतही नाही.

त्या संध्याकाळी काय झाले

बँड सकाळी नागपुरात पोहोचला. दुपारी तीन वाजता साउंड चेक, म्हणजे कार्यक्रमाआधीची आवाजाची जुळवणी, ठरला होता, परंतु पारितोषिक वितरणाच्या प्रमुख पाहुण्यांचे विमान उशिरा आल्याने तो समारंभ लांबत गेला आणि सहा वाजेपर्यंत रंगमंच मोकळा झाला नाही. त्यानंतर विद्यार्थ्यांची समूहनृत्ये आणि दोन स्थानिक बँड झाले. पुण्याचा बँड रंगमंचावर चढला तेव्हा नऊ वाजले होते. साउंड चेकऐवजी प्रत्येक माईक चालू आहे की नाही एवढीच दहा मिनिटांची तपासणी झाली, आणि तीही श्रोत्यांसमोर.

पहिल्या गाण्यात सात मात्रांचा एक भाग आहे. त्या भागातून बाहेर पडताना ड्रम आणि गिटार एका मात्रेने वेगळे झाले आणि बराच वेळ तसेच राहिले. दुसऱ्या गाण्यात गायकाचा आवाज ऐकू येईना, म्हणून पुढच्या रांगांतून आवाज वाढवण्याची मागणी झाली. आवाज वाढवताच माईक शिट्टी मारू लागला, म्हणून तो पुन्हा खाली आणावा लागला. तिसऱ्या गाण्यापर्यंत गायकाचा घसा बसला. चौथ्या गाण्याआधी दोन्ही गिटारवादक बराच वेळ पाठमोरे उभे राहून तारा लावत होते आणि या शांततेत रंगमंचावरून कोणीही काही बोलले नाही. पाचव्या गाण्यात धुराचे यंत्र सुरू होताच जनरेटरचा दाब उतरला आणि मिक्सर, म्हणजे सर्व माईक व वाद्यांचे आवाज एकत्र करणारे यंत्र, बंद पडून पुन्हा सुरू झाला. दहाला पाच मिनिटे असताना कार्यक्रम थांबवण्यात आला.

दुसऱ्या दिवशी तीन स्पष्टीकरणे ऐकू येत होती. श्रोत्यांच्या मते बँड तयारीविना आला होता आणि लहान शहर म्हणून त्याने नागपूरला गांभीर्याने घेतले नाही. बँडच्या मते ध्वनिव्यवस्था लग्नाच्या वरातीची होती आणि श्रोते थंड होते. आयोजकांनी सगळा दोष जनरेटरला दिला. जनरेटरचे स्पष्टीकरण सर्वांत सोयीचे होते, कारण तो बिघाड प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिला होता. परंतु मिक्सर बंद पडला तेव्हा कार्यक्रम पडून अर्धा तास होऊन गेला होता. दिवे, धूर आणि ध्वनी एकाच जनरेटरवर ठेवू नयेत हे खरेच आहे, पण या प्रकरणाचे मूळ तेथे नाही.

रंगमंचावर वादकांना काय ऐकू येत होते

मोठ्या मैदानावरील कार्यक्रमात दोन स्वतंत्र ध्वनी असतात. एक श्रोत्यांकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरमधून बाहेर जातो आणि दुसरा वादकांकडे तोंड करून ठेवलेल्या मॉनिटरमधून किंवा कानात घालायच्या इअरफोनमधून वादकांपर्यंत येतो. श्रोत्याला दुसऱ्याचे अस्तित्वही जाणवत नाही. मेटल बँडसाठी मात्र दुसरा ध्वनी पहिल्याइतकाच, माझ्या मते अधिकच, महत्त्वाचा आहे, कारण या संगीताचा सारा परिणाम पाच माणसे एकाच क्षणी एकच आघात करतात की नाही यावर अवलंबून असतो. गझलेच्या बैठकीत तबला क्षणभर मागे रेंगाळला तर ते लालित्य ठरू शकते. येथे तेवढ्याच अंतराने रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हापुन्हा वाजणारी स्वरावली, फाटते.

त्या रात्री चारपैकी दोनच मॉनिटर चालू होते. दोन्ही गायकासमोर ठेवलेले होते आणि दोन्हींतून एकच मिश्रण येत होते, ज्यात बहुतांश गायकाचाच आवाज होता. बँडने स्वतःचे इअरफोन आणले होते, पण प्रत्येकाला वेगळे मिश्रण देण्यासाठी मिक्सरमधून पाच स्वतंत्र वाटा बाहेर काढाव्या लागतात. त्या मिक्सरवर दोनच मोकळ्या होत्या. त्यामुळे ड्रमवादकाच्या कानात संगणकावरून येणारी तालाची टिकटिक होती, पण गिटार नव्हते. गिटारवादकांना स्वतःचा अॅम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी, ऐकू येत होता, पण समोरच्या टोकाचा गिटारवादक जवळजवळ नाही. बेसवादक ड्रमच्या अगदी शेजारी उभा होता आणि त्याला मुख्यतः झांजाच ऐकू येत होत्या.

याचा परिणाम आकड्यांतून अधिक स्पष्ट होतो. १५ अंश सेल्सिअस तापमानात ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. रंगमंच ४० फूट, म्हणजे साधारण १२ मीटर रुंद होता आणि दोन गिटारवादक त्याच्या दोन टोकांना उभे होते. एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकाला पोहोचायला ३५ मिलिसेकंद लागतात. बँडचे पहिले गाणे मिनिटाला २०० ठोक्यांच्या लयीत आहे. त्या लयीत एका ठोक्याचा चौथा भाग, म्हणजे रिफमधला सर्वांत लहान स्वर, ७५ मिलिसेकंदांचा असतो. आता पहिल्याचा आवाज ऐकून दुसऱ्याने वाजवले आणि तो आवाज परत पहिल्याकडे आला, तर पहिल्याला तो ७० मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो, म्हणजे जवळजवळ एक पूर्ण स्वर मागे. तो गोंधळून थोडा थांबतो, दुसरा आणखी मागे जातो, आणि ड्रमवादक यांपैकी काहीही ऐकू येत नसल्यामुळे टिकटिकीबरोबर निष्ठेने पुढे निघून जातो. पहिल्या गाण्यात नेमके हेच घडले. श्रोत्यांनी ज्याला कच्ची तयारी म्हटले ते, उलट, प्रत्येक वादक आपल्याला जे ऐकू येत होते त्याच्याशी प्रामाणिक राहिल्याचे फळ होते.

गायकाच्या घशाचेही तसेच. भोवती गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो, याला ध्वनिशास्त्रात लोम्बार्ड परिणाम म्हणतात. मेटलमधील घोगरा, गुरगुरता आवाज बाहेरून कितीही आक्रमक वाटला तरी तो श्वासाच्या आणि स्वरयंत्राच्या वरच्या भागाच्या नियंत्रणातून, बेताने काढलेला असतो. गायकाला स्वतःचे ऐकू आले तर तो तासभर हे निभावतो. ऐकू आले नाही तर तो जोर लावतो, आणि जोर लावला की तंत्र सुटते. मॉनिटरमध्ये त्याचाच आवाज होता हे वर म्हटले आहे, पण त्याच्या मागे दोन गिटारचे अॅम्प पूर्ण मोठे केलेले होते, कारण गिटारवादकांना स्वतःचे ऐकण्याचा दुसरा मार्ग नव्हता. ते आवाज त्याच्या माईकमध्येही शिरत होते. त्यामुळे माईक वाढवला की गिटारही वाढत होते आणि थोडे अधिक वाढवले की शिट्टी.

मैदानात काय पोहोचत होते

श्रोत्यांच्या तक्रारी परस्परविरोधी होत्या आणि सुरुवातीला त्याचे मला कोडे पडले. मध्यभागी उभ्या असलेल्यांना ड्रमच्या धडाडाशिवाय काही ऐकू आले नव्हते. डावीकडच्यांच्या मते त्या आवाजात दमच नव्हता. दोघेही खरे सांगत होते. बेसचे स्पीकर रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना समान ठेवले की मध्यरेषेवर दोन्हीकडचा आवाज एकाच वेळी पोहोचून दुप्पट भरीव होतो, तर बाजूला अशा जागा तयार होतात जेथे एकीकडचा आवाज दुसरीकडच्याला खोडतो. ६० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे ५.७ मीटर असते. दोन स्पीकरपासूनच्या अंतरांत साधारण २.८ मीटरचा फरक पडला की तो सूर तेथे जवळपास नाहीसा होतो. बेसचे सर्व स्पीकर रंगमंचाच्या मध्यभागी, पुढे एकत्र ठेवले असते तर हा भेद बराच कमी झाला असता. त्यासाठी एक पैसाही जास्त लागत नाही.

दुसरी अडचण मैदानाचीच होती. रंगमंचासमोर सुमारे ६० मीटरवर महाविद्यालयाची सपाट भिंतीची तीन मजली इमारत आहे. तेथून परतणारा आवाज रंगमंचाजवळ सुमारे ३५० मिलिसेकंदांनी ऐकू येतो, म्हणजे मागचे चार-पाच आघात पुढच्या आघातांवर येऊन पडतात. संथ गाण्यात हे खपून जाते. दोन पायांनी सेकंदाला तेरा आघात करणाऱ्या ड्रमवादनात त्याचा नुसता गडगडाट होतो. रंगमंच मैदानाच्या लांबीऐवजी तिरका उभारला असता तरी परावर्तन वादकांवर सरळ आले नसते, पण रंगमंचाची दिशा मंडपवाल्याने दरवर्षीप्रमाणे ठरवली होती.

थंडीचाही येथे वाटा आहे. नागपूरच्या हिवाळ्यात सूर्यास्तानंतर जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा लवकर निवते आणि त्यामुळे ध्वनी वर विरून जाण्याऐवजी खाली वळून दूरवर पोहोचतो. मैदानात आवाज पुरत नसल्याची तक्रार चालू असतानाच साडेनऊला दूरच्या वसाहतीतून आवाज फार असल्याची तक्रार आली, ती यामुळे. गिटारच्या तारा उबदार वर्गखोलीतून उघड्या रंगमंचावर आल्यावर आकसून चढ्या झाल्या, हेही त्याच थंडीचे काम. वाद्ये तासभर आधी रंगमंचावर आणून ठेवली असती तर तेथेच लावता आली असती.

दुपारच्या आधीच ठरलेला निकाल

बँडने तीन आठवडे आधी आपल्या तांत्रिक गरजांची यादी पाठवली होती. तिच्यात २२ चॅनल (मिक्सरमध्ये आवाज आत घेण्याच्या वाटा), पाच स्वतंत्र मॉनिटर मिश्रणे, ड्रमसाठी उंचवटा आणि दीड तासाचा साउंड चेक स्पष्ट लिहिलेला होता. सांस्कृतिक समितीच्या विद्यार्थ्याने ती इंग्रजी फाइल जशीच्या तशी बिछायत केंद्राच्या मालकाला व्हॉट्सअॅपवर पाठवली. मंडप, खुर्च्या, दिवे आणि ध्वनी हे सर्व एकाच ठोक रकमेत त्यांच्याकडे होते. त्यांनी साउंडवाल्याला फोन करून बँडचा कार्यक्रम आहे, मोठा साउंड लावा, एवढेच सांगितले. ती फाइल साउंडवाल्यापर्यंत पोहोचलीच नाही.

हे गृहस्थ या कामात मुरलेले आहेत. ऑर्केस्ट्रा, भीमगीतांचे कार्यक्रम, नवरात्रातील गरबा, देवीचा जागर, हे सर्व त्यांनी वर्षानुवर्षे उत्तम सांभाळले आहे, आणि हजारोंच्या गर्दीत गायकाचा एकेक शब्द शेवटच्या माणसापर्यंत नेणे हे हलके कौशल्य नाही. बँडने त्यांच्या कामाला वरातीचा साउंड म्हणावे हे मला अन्यायाचे वाटते. फरक कामाच्या स्वरूपात आहे. ऑर्केस्ट्रात कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड थेट मिक्सरला जोडलेले असतात, रंगमंचावर स्वतःचा मोठा आवाज असलेले वाद्य जवळजवळ नसते, आणि गायकाचा आवाज सर्वांच्या वर ठेवायचा असतो. मेटलमध्ये ड्रम आणि अॅम्प यांचा रंगमंचावरचा आवाजच प्रचंड असतो आणि गायक गिटारच्या भिंतीच्या आत बसवायचा असतो. ती यादी आठवडाभर आधी हाती आली असती तर मोठा मिक्सर दुसऱ्याकडून भाड्याने आणला असता, असे त्यांनी मला सांगितले आणि त्यावर माझा विश्वास आहे.

वेळेचा काच वेगळाच होता. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य शासन वर्षातील जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, पण ते दिवस सण-उत्सवांचे असतात आणि महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन त्यांत बसत नाही. दहाची मर्यादा योग्यच आहे. परंतु शेवट हलणार नाही हे ठाऊक असताना दिवसभरातला प्रत्येक उशीर शेवटच्या कलाकाराच्या वाट्यातून कापला जातो हेही ठाऊक असायला हवे. त्या दिवशी भाषणे, सत्कार आणि आभारप्रदर्शन पूर्ण झाले. कापला गेला तो साउंड चेक.

मोठ्या नावांचीही यातून सुटका झालेली नाही. १९६५ साली न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर ५५ हजारांहून अधिक श्रोत्यांच्या किंकाळ्यांत बीटल्सना स्वतःचे वादन ऐकू येत नव्हते, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी दौरे कायमचे थांबवले. १३ जुलै १९८५ रोजी फिलाडेल्फियातील लाइव्ह एड या मदतनिधीच्या मैफलीत लेड झेपेलिन या रॉक बँडचे वादक जेमतेम सरावानिशी, दोन पाहुण्या ड्रमवादकांसह उभे राहिले. गायकाचा घसा बसलेला, गिटार बेसूर, आणि ते वादन इतके पडले की पुढे त्या कार्यक्रमाची अधिकृत डीव्हीडी निघाली तेव्हा त्यांनी आपला भाग त्यात येऊ दिला नाही. त्याच दिवशी त्याच मैफलीच्या लंडनमधील भागात क्वीन या बँडने आपल्या वीसेक मिनिटांची आधी कसून तालीम केली होती, आणि ते सादरीकरण आजही लोक आठवतात. ८ ऑगस्ट १९९२ रोजी मॉन्ट्रियलला आतषबाजीत मेटॅलिकाचा गायक जेम्स हेटफिल्ड भाजल्याने त्यांना कार्यक्रम अर्धवट सोडावा लागला. त्यानंतर गन्स अँड रोझेस बऱ्याच उशिरा आले, त्यांच्या गायकाने घशाचे कारण देऊन कार्यक्रम लवकर आटोपला, आणि दंगल उसळली.

मॉन्ट्रियलच्या त्या रात्रीत आपल्या प्रकरणासाठी महत्त्वाचे असे काही आहे. मेटॅलिकाचा कार्यक्रमही अर्धवट राहिला होता, पण त्यांचे सदस्य श्रोत्यांना कारण सांगून गेले. श्रोत्यांचा संताप नंतरच्यांवर निघाला.

बँडचा स्वतःचा वाटा

येथपर्यंत वाचून बँड निर्दोष आहे असे वाटेल, पण माझे मत तसे नाही. पुरेसे मॉनिटर नाहीत हे नऊ वाजता पाचही जणांना कळले होते. त्या क्षणी त्यांच्या हातात काही गोष्टी होत्या. दोन्ही गिटारवादक टोके सोडून ड्रमच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटरवर उभे राहिले असते, तर आपसातला उशीर ३५ वरून १२ मिलिसेकंदांवर आला असता. अॅम्पचा आवाज उतरवून ते गुडघ्याऐवजी कानाच्या उंचीवर ठेवता आले असते. सर्वांत वेगवान आणि विषम मात्रांच्या गाण्याने सुरुवात करण्याऐवजी मध्यलयीतील दोन भारदस्त गाणी आधी घेता आली असती, ज्यांत तो प्रतिध्वनीही कमी बोचला असता. सात गाण्यांची यादी जशीच्या तशी वाजवण्याचा हट्ट त्यांनी धरला, आणि त्यात नेमके लोकांना हवे असलेले गाणे शेवटी राहिले.

तरीही या सर्वांहून गंभीर बाब म्हणजे त्यांचे मौन. चौथ्या गाण्याआधी तारा लावल्या जात होत्या, तेव्हा मैदानातील बहुतेक लोक अजून त्यांच्या बाजूने होते. अडचण काय आहे आणि दोन मिनिटे लागतील, एवढे मराठीत सांगितले असते तर लोक थांबले असते, याबद्दल मला शंका नाही. गायकाला याविषयी विचारले तेव्हा त्याने सांगितले की ध्वनिव्यवस्थेची तक्रार माईकवर करणे त्याला साउंडवाल्याचा अपमान वाटला. ही भावना मी समजू शकतो. पण श्रोत्याला परिस्थिती सांगणे आणि तक्रार करणे यांत बरेच अंतर आहे, आणि काहीच न सांगितल्यामुळे तिकीट काढून चंद्रपूरहून आलेल्या मुलाला आपली पर्वा केली गेली नाही असे वाटले, तर त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही.

फेब्रुवारीतील कार्यक्रम

त्या रात्री आधी वाजवलेल्या दोन स्थानिक बँडपैकी एकाने फेब्रुवारीत धरमपेठेतील एका लहान बंदिस्त सभागृहात स्वतःचा कार्यक्रम ठेवला. ध्वनिव्यवस्थेसाठी त्यांनी मुद्दाम त्याच साउंडवाल्या काकांना बोलावले. मुलांनी आपली गरजांची यादी एका पानावर मराठीत लिहिली, कोणते वाद्य कोठे उभे राहील याचे हाताने चित्र काढले, आणि ते पान मध्ये कोणालाही न घालता त्यांच्या हाती दिले. काका एका संध्याकाळी त्यांच्या सरावाच्या खोलीत येऊन बसले आणि अॅम्प किती मोठे ठेवायचे यावर दोन्ही बाजूंत बराच वाद झाला. भाड्याने वेगळा मिक्सर आणला गेला. कार्यक्रमाच्या दिवशी साउंड चेक संपेपर्यंत प्रेक्षागृहाचे दार उघडायचे नाही, असे लेखी ठरले होते. प्रेक्षक बाहेर अर्धा तास ताटकळले, पण त्यांना कारण सांगण्यात आले होते.

बंद सभागृहाची, कमी गर्दीची आणि एका बँडची तुलना मोकळ्या मैदानाशी सरळसरळ करता येत नाही, हे मान्य आहे. तरी माणूस तोच होता, बेसचे स्पीकर तेच होते आणि या वेळी ते मध्यभागी एकत्र मांडलेले होते. दोन गिटार वेगवेगळ्या ऐकू आल्या. गायक शेवटच्या गाण्यापर्यंत टिकला. मध्येच बेसची केबल गेली तेव्हा ड्रमवादकाने ताल चालू ठेवला आणि गायकाने लोकांना काय झाले ते सांगितले.

महाविद्यालयाच्या यंदाच्या सांस्कृतिक समितीने बिछायतीच्या करारातून ध्वनिव्यवस्था वेगळी काढण्याचा प्रस्ताव दिला आहे आणि साउंड चेकची वेळ पारितोषिक वितरणाच्या आधी, सकाळी ठेवली आहे. पुण्याच्या बँडला पुन्हा बोलवावे की नाही यावर समितीत एकमत झालेले नाही. माझे मत विचारले गेले तेव्हा त्यांनाच बोलवावे असे मी सांगितले, मात्र बोलावण्यापूर्वी त्यांच्या ड्रमवादकाचे आणि काकांचे फोनवर एकदा सविस्तर बोलणे करून द्यावे, ही अट घालून.